ठासणीची परीक्षा

रानडुकराने कोणत्या बंदुकीला भ्यायचं, हे सरकारने 1959 सालीच ठरवून ठेवलं आहे. शस्त्र अधिनियम, कलम 13, पोटकलम 3. माणसाला स्वतःचा जीव राखायचा असेल तर वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक, आणि पीक राखायचं असेल तर ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओता, गोळी टाका, गजाने ठासा, मग बार काढा. जगातल्या सैन्यांनी ही बंदूक टाकून दिली त्याला 1959 साली शंभरेक वर्षं होत आली होती. पण डुक्कर काही सैन्यातलं नव्हे, तेव्हा त्याला तेवढी पुरे, असा हिशेब असावा.

कायदा करणारेही सावध होते. त्यांनी पुढे एक परंतुक जोडलं: पीकसंरक्षणाला ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करू शकतो. आता ही खात्री पटायची कशी, ते कलमात नाही. अधिकाऱ्याने गोळी मोजायची, की डुक्कर मोजायचं, की उरलेली तूर?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न घाटंजी तालुक्यातल्या एका मचाणावर निघाला. मचाण माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मामाजींचं. बंदूकही त्यांचीच, वडिलांच्या नावावरून त्यांच्या नावावर आलेली. कुंदा दोन ठिकाणी तडकलेला, त्याला तांब्याच्या तारेचे वेढे. नळी मामाजींच्या उंचीची नाही, पण मामाजी वाकल्यापासून फरक फारसा उरलेला नाही.

ही बंदूक भरणं हा एक विधी आहे. आधी मापाने दारू. मग चिंधीचा बोळा. मग गोळी किंवा छर्रे. मग पुन्हा बोळा, नाहीतर नळी खाली केली की गोळी बुटावर पडते. मग गज घालून ठासायचं, गज आठवणीने बाहेर काढायचा, घोडा अर्धा ओढायचा, टोपी बसवायची. एनफिल्ड बंदूक घेतलेला कसलेला शिपाई हे सगळं करून मिनिटाला दोन-तीन बार काढत असे. मात्र त्याच्याकडे कागदी काडतूस होतं, ते दाताने तोडायचं असे, आणि त्या तोडण्यावरून 1857 साली काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. मामाजी शिपाई नाहीत. रात्रीचे दोन वाजलेले, तोंडात बॅटरी, बोटं गारठलेली, आणि खाली वावरात डुकरांचा कळप तुरीच्या ओळीने निवांत चाललेला. मामाजींचा दुसरा बोळा ठासून होईपर्यंत कळपाची तिसरी ओळ आटोपलेली असते.

आणि बार निघाला की पुढचं काही दिसत नाही. शोरा, गंधक आणि कोळसा यांची ही काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही. तो घनरूपाने उरतो, थोडा धूर होऊन हवेत आणि थोडा काजळी होऊन नळीत. त्यामुळे गोळी लागली की नाही, हे धूर विरल्यावर कळतं. आणि धूर विरेपर्यंत, लागलेलं आणि न लागलेलं अशी दोन्ही डुकरं धुऱ्यापलीकडे गेलेली असतात. सकाळी नळी गरम पाण्याने धुवावी लागते, नाहीतर आठवड्यात गंज. हे काम मामीजींच्या चुलीवरच्या पाण्यातून होतं, आणि या शस्त्राविरुद्ध घरात सर्वांत जुना आक्षेप त्यांचाच आहे.

माझा मुलगा, म्हणजे मामाजींचा नातू, अमेरिकेत असतो. तिकडे बऱ्याच राज्यांत ठासणीच्या बंदुकीने हरीण मारण्याचा वेगळा हंगाम असतो, आणि लोक हौसेने हे जुनं हत्यार वापरतात. त्याच्या ओळखीतला एक गृहस्थ या छंदातला. हंगामाआधी तो गोळ्यांची परीक्षा घेतो. गोळी शरीरात किती खोल जाते आणि आत जाऊन किती फुलते, या दोन गोष्टी तो मोजपट्टीने मोजून वहीत लिहितो. मुलाने हे आम्हाला व्हिडिओ कॉलवर समजावून सांगितलं. मामाजी मचाणाच्या शिडीवर बसून ऐकत होते.

मूळ तिढा साधा आहे. मऊ शिशाची गोळी मांसात शिरली की भूछत्रासारखी पसरते. पसरली की जखम मोठी, पण पसरलेल्या गोळीला पुढे जायला अडथळाही तेवढाच मोठा, म्हणून ती लवकर थांबते. कठीण गोळी पसरत नाही, ती आरपार निघून जाते आणि जनावर लहानशा भोकानिशी कोसभर पळतं. फार फुलली तर आत पोचत नाही, फार आत गेली तर फुलत नाही. चांगली गोळी म्हणजे या दोघींमधला समझोता. त्यात रानडुकराच्या नराला खांद्यावर कातडीखाली कुर्च्यासारख्या चिवट थराची ढाल असते, आपसातल्या मारामारीत सुळ्यांपासून बचावासाठी. ती वयाबरोबर जाड होत जाते. तिच्यावर आमच्या काळ्या मातीचा चिखल लोळून लोळून वाळलेला. काळ्या मातीचा चिखल वाळला की काय होतो, हे ज्याने पावसाळ्यानंतर बैलगाडीचं चाक खरवडलं आहे त्याला विचारा.

तर ही गोळी तपासायची कशात? तिकडे त्यासाठी जिलेटिनचा ठोकळा करतात. पाण्यात दहा टक्के जिलेटिन, ठोकळा 4 अंश सेल्सियसला ठेवलेला. तो बरोबर जमला का, हे पाहायला आधी त्यात साडेचार मिलिमीटरचा पोलादी छर्रा सेकंदाला सुमारे 180 मीटर वेगाने मारतात. तो साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास थांबला तर ठोकळा पास. मग खरी गोळी. अमेरिकेच्या एफबीआयने 11 एप्रिल 1986 रोजी मायामीत गुंडांशी झालेल्या चकमकीत दोन माणसं गमावली; एक गोळी गुंडाच्या छातीत शिरून हृदयाच्या अलीकडेच थांबली होती. त्यानंतर त्यांनी या परीक्षेचे नियमच केले: गोळी जेलीत किमान 12 इंच गेली पाहिजे, 18 पेक्षा जास्त नको.

मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे जिलेटिन कायचं असते?"

मुलगा म्हणाला, "आबाजी, जनावरांच्या कातडीचं आणि हाडांचं. या कामाचं बहुतेक डुकराच्या कातडीचंच."

शिडीवर थोडा वेळ शांतता.

"म्हंजे पह्यले डुक्कर मारा, मंग त्याची जेली करा, मंग त्या जेलीत गोळी हाना, अन् मंग समजन का या गोळीनं डुक्कर मरते का नाई?"

"हो, साधारण तसंच."

"मंग पह्यलं डुक्कर कायनं मारलं बाप्पा?"

अमेरिकेतून उत्तर आलं नाही. नेटवर्क गेलं असं त्याने नंतर सांगितलं.

जेलीचा विषय तसाही आमच्याकडे टिकला नसता. जिलेटिन तिशी-पस्तिशीच्या अंशांत वितळायला लागतं आणि यवतमाळचा मे महिना 44-45 अंशांचा. 4 अंशांना लागणार फ्रिज, फ्रिजला लागणार वीज, आणि विजेचं आमच्याकडे असं आहे की शेतीच्या पंपाला ती कित्येकदा रात्रीच मिळते, म्हणजे शेतकऱ्याने ओलित करायला जावं त्याच वेळी डुक्करही जेवायला यावं. परीक्षा घ्यायची तर देशी साहित्यात घ्यायला हवी होती.

पहिली सूचना मुलाचीच: पाण्याचे डबे एकामागे एक मांडायचे आणि कितव्या डब्यात गोळी सापडते ते पाहायचं. मामीजींनी विचारलं, "एप्रिलात?" सूचना बाद.

दुसरी ओल्या रद्दीची. कागद रात्रभर भिजवून गठ्ठा बांधायचा, त्यात गोळी मारायची आणि ती किती पानं भेदून गेली ते मोजायचं. अमेरिकेत पूर्वी याला जाडजूड टेलिफोन डिरेक्टऱ्या वापरत. आमच्या तालुक्याची डिरेक्टरी कधीच इतकी जाड नव्हती, आणि आता तर डिरेक्टरीच गेली. वर्तमानपत्रं मात्र भरपूर होती. अडचण निघाली ती वेगळीच. घरातल्या रद्दीत निम्म्या बातम्या पीकहानीच्या आणि भरपाईच्या, आणि ती कात्रणं मामाजी पुराव्यासाठी जपून ठेवतात. त्यांत गोळी मारायला त्यांनी साफ नकार दिला.

तिसरी सूचना माझी, आणि ती शास्त्रीय होती. गुन्ह्यातल्या बंदुका तपासणाऱ्या प्रयोगशाळांत नळीतून निघालेली गोळी न चेपता हाती यावी म्हणून ती कापसाने भरलेल्या लांब पेटीत किंवा पाण्याच्या टाकीत झाडतात. कापूस गोळीला हळूहळू गुरफटून थांबवतो. यवतमाळ जिल्ह्याला कापसाची वाण आहे का? दसऱ्यानंतर इथे माणसं ओसरीवर झोपतात आणि माजघरात कापूस झोपतो. जिनिंगमधली एक गाठ 170 किलोची असते. तिला कुठली गोळी भेदणार? मी उत्साहात होतो. मामाजी म्हणाले, "जावाई, ठासनीच्या बारातून ठिनग्या निंगते. कापसात हानली तं भाव पाडाले व्यापाऱ्याची गरज नाई पडनार."

एवढं सगळं झाल्यावर मी पुन्हा कायदा उघडला, आणि असं दिसलं की परीक्षा घेता येतच नाही. त्याच पोटकलमात पुढे नेमबाजीच्या सरावासाठी वेगळी सोय आहे: .22 बोअरची रायफल किंवा हवेची रायफल, तीही मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला. म्हणजे जिने निशाण मारायचं तिने डुकराच्या वाटेला जायचं नाही, आणि जिने डुकराच्या वाटेला जायचं ती मुळात पीक राखायला दिलेली. रद्दी हे पीक नव्हे. कापूस पीक आहे, पण वावरात असेपर्यंत.

गोळीची परीक्षा प्रत्यक्ष जनावरावर करून पाहावी, तर दुसरा कायदा आडवा येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972. कलम 11 म्हणतं की उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या जनावराला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो, लेखी आणि कारणांसह. ठीक. परवानगी मिळाली, डुक्कर पडलं. आता तिकडचा हौशी शिकारी काय करतो, तर जनावर सोलताना आतली गोळी काढतो, धुतो, तिचा फुललेला व्यास मोजतो, तिचं वजन करतो. आमच्याकडे कलम 39 प्रमाणे ते डुक्कर सरकारी मालमत्ता. जिवंतपणी ते तूर खात होतं तेव्हा ते कोणाचं यावर वाद घालता येईल. मेल्यावर वाद नाही. गोळी मामाजींची, शिसं मामाजींचं, ठासणी मामाजींची, पण ती सरकारी मालमत्तेत रुतून बसलेली. मोजपट्टी घेऊन तिथे वाकणारा माणूस कोणत्या कलमाखाली बसेल, हे मला वकिलाला विचारावंसं वाटलं नाही.

ही परीक्षा आपल्या भागात कोणी घेतलीच नाही असं मात्र नाही. वर्धा नदी ओलांडली की पूर्वीचा मध्य प्रांत. अलीकडे वऱ्हाड, त्यातला आपला जिल्हा 1905 पर्यंत वणी जिल्हा म्हणवला जात होता. पलीकडच्या जंगलात कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा इंग्रज वनाधिकारी फिरत असे. पचमढीत ज्याने बायसन लॉज बांधलं तोच. त्याचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक 1871 साली निघालं, आणि त्याच वर्षी तो वारला. पण त्याआधी 1863 साली त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या एवढ्याच विषयावर एक अख्खं पुस्तक लिहिलं होतं. त्या काळी युरोपात लांबट, टोकदार गोळीची लाट होती. फोर्सिथ म्हणाला, जंगलात नेम शे-दीडशे यार्डांचा, तिथे जुनी गोल गोळीच बरी. फक्त ती जाड हवी, दारू भरपूर हवी आणि नळीतला पीळ फार सावकाश हवा. जाड चामड्याच्या जनावरासाठी त्या काळचे शिकारी शिशात कथील किंवा पारा मिसळून गोळी कठीण करत.

गोल गोळीचं गणितही पाहण्यासारखं आहे. बंदुकीचा "बोअर" आपण ऐकतो तो मूळचा वजनाचा हिशेब. एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या की त्यांतली एक ज्या नळीत बसते ती बारा बोअर. गोळी साडेअठरा मिलिमीटर जाड, वजन जवळजवळ 38 ग्रॅम, म्हणजे सव्वातीन तोळे. हे मामाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी तेवढ्याच सोन्याचा भाव विचारला आणि ते गप्प झाले. व्यास अर्धा केला तर वजन अर्धं होत नाही, आठवा हिस्सा होतं. म्हणून बारीक गोल गोळी हवेत लवकर दमते, आणि ढाल घातलेल्या नराला तिने कान खाजवल्यासारखं होत असावं. फोर्सिथचं म्हणणं यासाठी पटतं. फक्त त्याच्याकडे हत्ती होता, बंदूक भरून हातात देणारा माणूस होता आणि वावर नव्हतं.

गोळ्यांची चर्चा आमच्या जिल्ह्याला त्यानंतर एकदाच मनसोक्त करायला मिळाली. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ टी-1, म्हणजे अवनी वाघीण गोळीने मारली गेली. तिच्यावर तेरा बळींचा ठपका होता. त्या गावांनी दोन वर्षं कशी काढली हे हसण्याचं नाही, त्यात मी शिरत नाही. पण नंतर पांढरकवड्यापासून वणीपर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर बेशुद्धीचा डार्ट आधी की गोळी आधी, अंतर किती, कोन कोणता, यावर पंचनामे सुरू झाले. त्याआधी तिला आकर्षित करायला कॅल्विन क्लाईनचं ऑब्सेशन नावाचं परदेशी अत्तर जंगलात शिंपडलं गेलं होतं, हेही सर्वांना पाठ झालं. मामाजींना त्यातलं अत्तर तेवढं लक्षात राहिलं. त्यांचं मत असं, की जिल्ह्यात इतकं महाग अत्तर पहिल्यांदा आलं आणि तेही वाघिणीसाठी.

डुकरासाठी असा खर्च कोणी करत नाही. डुकरासाठी जुन्या साड्या. कार्तिकात आमच्या भागातून एसटीने जा, वावरांभोवती फुलाफुलांच्या नायलॉनच्या साड्या ताणलेल्या दिसतील. डुकराची नजर कमजोर आणि नाक तिखट. साडी त्याला माणूस वाटते, हे पहिल्या आठवड्यात. मग सलूनमधून आणलेले केस धुऱ्यावर टाकायचे, म्हणजे माणसाचा वास. पाऊस आला की तो वास जातो. मग रिकाम्या बाटल्या तारेला टांगायच्या, वाऱ्याने वाजाव्यात म्हणून. मग भोंग्यावर कुत्र्यांचं रेकॉर्ड केलेलं भुंकणं. मग झटका मशीन, सोलरवर चालणारं, आणि त्याच्या तारेखाली गवत वाढून करंट मातीत उतरला की डुक्कर त्याच्याही खालून. खरी भेदनचाचणी आमच्या जिल्ह्यात होते ती ही, आणि ती घेणारं डुक्कर आहे. साडी, केस, बाटली, भोंगा, तार: प्रत्येकातून ते किती रात्रींत आरपार जातं, याची वही कोणी ठेवली तर अमेरिकेतल्या त्या गृहस्थाला हेवा वाटेल. प्रसरणाचं म्हणाल तर एका वेताला चार-सहा पिल्लं.

या सगळ्या साहित्यात ठासणीच्या बंदुकीचा नंबर कुठे? मामाजींनी अखेर खरं सांगितलं. वर्षानुवर्षं ते तिच्यात गोळी भरतच नाहीत. दारू, बोळा आणि बार. "धुडुम झालं का कळप पयते. गोळी कायले खराब कराची?" म्हणजे गोळीच्या फुलण्या-शिरण्याचा आम्ही जो काथ्याकूट केला, तो बंदुकीत नसलेल्या गोळीबद्दल होता. परीक्षा घ्यायचीच असेल तर आवाजाची घ्यावी: एका बारानंतर कळप किती रात्री लांब राहतो? मामाजींच्या अनुभवाने पहिल्या वर्षी चार, पुढच्या वर्षी दोन, आणि आता कळपातली म्हातारी मादी बार झाला की मान वर करून धूर कोणीकडे जातो तेवढं पाहते.

आणि ज्या वर्षी बार सगळ्यांत जास्त हवा त्या वर्षी बंदूक घरी नसते. विधानसभेची मतदानं पाहा: 15 ऑक्टोबर 2014, 21 ऑक्टोबर 2019, 20 नोव्हेंबर 2024. सोयाबीन कापणीला, कापूस वेचणीला, तूर फुलावर. आचारसंहिता लागली की छाननी होते आणि ज्यांची नावं यादीत येतात त्यांनी परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करायची. लोकशाहीसाठी ते योग्यच आहे, मामाजींची तक्रार नाही. तांब्याच्या तारेची ती बंदूक ते पिशवीत घालून एसटीने घेऊन जातात, पावती घेतात आणि परत येऊन मचाणावर फटाक्याची लड घेऊन बसतात. डुकरांना आचारसंहिता लागू नाही.

तेव्हा माझा निकाल असा. मऊ शिशाची गोल गोळी फुलण्यात उत्तीर्ण, शिरण्यात काठावर. बंदूक आवाजात पहिल्या वर्षी प्रथम श्रेणी, नंतर उतरती. धुरात विशेष प्रावीण्य. पीक राखण्यात नापास. कलमातल्या परंतुकाप्रमाणे ज्या अधिकाऱ्यांना खात्री पटवून घ्यायची असेल त्यांना माझी विनंती आहे: जेली मागवू नका, एक रात्र जागलीला या. तूर शेंगेवर आली की मामाजी निरोप धाडतील. मचाणावर दोघांची जागा आहे, शिडीची तिसरी पायरी सैल आहे. घोंगडी आपापली आणावी, आणि अत्तर लावून येऊ नये.